मागची फळी

चैत लागला की आमच्या पडवीत बॉक्स यायला लागतात. कुणी सायकलच्या कॅरेजला उलटा बांधून आणतं, कुणी टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसवून. एक जण तर बेल्ह्याच्या बाजारात घेतलेल्या बैलाशेजारी उभा करून घेऊन आला व्हता, बैलानं वाटभर त्याची जाळी चाटली व्हती. वर्षभर हे स्पीकरचे बॉक्स कुठंतरी अंधारात पडलेले असतात, उंदीर त्यांच्या वायरी खातात, आन् गावोगावच्या जत्रा जवळ आल्या की सगळ्यांना एकदम आवाज पायजे असतो. आमचे हे एरवी पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देतात, रेडू दुरुस्त करतात, पण चैतात फकस्त बॉक्स. मग घरात कथलाचा वास, पडवीत पसरलेल्या कांद्याचा वास, आन् दुपारच्या उन्हात दोन्ही मिसळले की बसल्याजागी माझे डोळे मिटतात आन् मी सात वर्षं मागं जाते. झोप न्हाई ती. नुसतं मागं जाणं.

औंदा तर त्योच बॉक्स परत आला. हनीफभाईचा. हनीफभाई जुन्नरचे, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. त्यांनी पडवीत बॉक्स ठेवला, वरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली, आन् म्हणले, "वैनी, वळखलं का पावण्याला?"

मी म्हणलं, न्हाई कसं वळखणार, महिनाभर माझ्या घरात जेवायचा तेवढा ऱ्हायला व्हता.

"कागद फाटलाय स्पीकरचा," ते ह्यांना म्हणले. "बाकी सात वर्षांत एकदा कुरकुरला न्हाई, राव." गिटारबी ठेवून गेले, लावून बघायला. मी धाकटीला मांडीवर घेऊन बसले व्हते, पिंकीला, तीन महिन्यांची हाय. बॉक्स बघितला आन् माझा हात आपोआप तिच्या कानावर गेला.

त्या साली मी एकोणीस वर्षांची व्हते. शाळा सातवीपर्यंत, माहेर आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या पुढं, आन् मला सगळ्याचंच भ्या वाटायचं. इंजेक्शनचं, इहिरीचं, मोटारीच्या स्टार्टरचं. आमच्या आत्याबाई, म्हणजे ह्यांची आई, म्हणायच्या, "हिला उंदराच्या सावलीचं भ्या. पोर झाल्यावर तरी जाईल म्हणलं, तर दुप्पट झालं." वैशू झाली ती माहेरी, आन् बाराव्या दिवशी बारसं. नणंद गेली व्हती नाव ठेवायला. पाळण्यात वाकून तिनं कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, मागनं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळी हसली. एवढ्या गलक्यात वैशू पाळण्याच्या चिमणाळ्याकडं बघत शांत पडली व्हती. लाल चिमणी फिरली की डोळे फिरायचे. कुर्रर्र झालं तवा काय फिरलं न्हाई.

बारा दिवसांच्या पोराला काय कळतंय. मी मनाला तेच सांगितलं. पण कुसळ घुसावं तसं ते घुसून बसलं.

मग मी बघायलाच लागले. नारायणगावच्या स्टँडवर एसटीनं कानाशी हॉर्न मारला, माझ्या हातातली पिशवी पडली, वैशू खांद्यावर झोपलेली तशीच. देवळात घंटा वाजवली कुणी, ती माझ्या बांगड्या मोजत व्हती. घरात कुणी नसताना मी तिच्या मागं बसून ताटावर पळी वाजवायचे, हळू, मग जोरात, आन् तिची मान वळत न्हाई म्हणल्यावर पळी पदराखाली लपवायचे, चोरी केल्यागत. शेजारणी म्हणायच्या, किती शाणी पोर गं, आवाजात सुदीक झोपती. आत्याबाई अभिमानानं सांगायच्या, "आमच्यात अशीच असत्यात, शांत." मी हसायचे. कुणाला काय बोलले न्हाई. मला वाटायचं, तोंडानं बोललं की खरं व्हईल. न बोललेलं असतं तवर त्याचं काहीबी व्हऊ शकतं.

एका दुपारी मी माझ्याच कानात कापूस घातला. बाळंतपणातला उरलेला व्हता, दाबून दाबून घातला, वरनं पदर गच्च बांधला, आन् वैशूशेजारी भुईवर पालथी पडले, गाल सारवणाला लावून. म्हणलं हिला काय कळतंय ते बघू. आधी नुसतं माझंच रक्त वाजत व्हतं. मग हळूहळू भुईतनं यायला लागलं. लांब कुणाची तरी पाण्याची मोटार चालू व्हती, ती गालाला बारीक बारीक लागत व्हती. नाशिक रोडनं ट्रक गेला असंल, तो पोटाला कळला. आत्याबाई परसात चालत व्हत्या, एक पाय जड टाकतात त्या, ते मला त्या दिवशी कळलं. सगळं जग जमिनीखालनं चाललं व्हतं, लांबनं, पाण्यातनं चालल्यागत, आन् उन्हाचा चौकोन सरकत सरकत वैशूच्या पायावर आला व्हता, आन् ती माझ्याकडं बघत व्हती. मला त्यात भ्या वाटलं न्हाई. ह्याचंच नवल वाटलं. कापूस काढला आन् मग वाटलं.

त्याच दिवसांत हनीफभाईच्या बॉक्सचं काम चाललं व्हतं. त्यांना गिटारपुरता एक पायजे व्हता, एकच मोठा स्पीकर, तमाशातल्या भोंग्यागत नको, मोकळा आवाज. ह्यांनी तसला पैल्यांदाच करायला घेतला. पुढची फळी चांगली जाड, बाजूच्या जाड, कोपऱ्याला पत्र्याच्या टोप्या, वरनं काळं रेक्झिन, इतकं ताणून बसवलं की त्यात तोंड दिसावं. आन् मागं? मागं पातळ प्लाय. जाड संपली व्हती. हे म्हणले, मागं कोण बघतंय. आमच्याकडं घरं बी तशीचेत, रस्त्याकडनं गिलावा, रंग, वर देवाचं नाव, आन् मागं गेलं की नुसत्या विटा. ह्यांचा एक सोबती सांगायचा, आपल्या तालुक्यात मागची भिंत फकस्त शेळ्या बघत्यात.

पैल्या दिवशी लाईट दुपारची आली. हनीफभाई आले, गिटारची वायर खुपसली, वरच्या तारा वाजवल्या, गोड आवाज आला, हे गालात हसले. मग त्यांनी सगळ्यात जाड तारेच्या, दांडीवरच्या तिसऱ्या घरात बोट दाबलं आन् तार सोडली.

काय झालं ते नीट सांगता येत न्हाई. तार वाजली तेवढी संपली न्हाई. बॉक्सनं ती गिळली आन् मग आतनं घुमायला लागला. फळीवरची ताटं नाचली, माझ्या दातांना मुंग्या आल्या, देवाच्या फोटोची काच किरकिरली. हनीफभाईनी तार दाबून धरली तरी ते दोन घटका घरातनं फिरत व्हतं.

"राव," ते म्हणले, "गिटार म्हशीच्या पोटात ठेवल्यागत वाजतीय."

आत्याबाई सैपाकघरातनं, "अरं बंद करा, पिठात डाळ उडून पडली माझी."

आन् वैशू. भुईवर गोधडीत पडली व्हती बॉक्सपास्नं दोन हातांवर. तिचे डोळे मोठे झाले, हातपाय थांबले, आन् मग ती हसली. तोंड उघडून, हिरड्या दिसत्यात तशी. हनीफभाईनी परत तीच तार सोडली, ती परत हसली.

"घ्या," ते म्हणले, "ह्या बाईला आवडलं."

मी उठून मोरीत गेले आन् तोंडावर पाणी मारलं. ऐकतीय. माझी पोर ऐकतीय. त्या दिवशी मी भाकरी दोन जास्त थापल्या.

दुसऱ्या दिवशी गिटार आमच्याकडंच ठेवलेली. बॉक्सला घुमारा हाय, तो शोधायचा, असं ठरलं. घुमारा हे त्या घुमण्याला ह्यांनी दिलेलं नाव. हे तार वाजवायचे आन् मी हात फिरवायचा, कारण वाजवणारा माणूस बॉक्सपास्नं लांब बसतो, आन् कुठली वस्तू थरथरती ते हाताला कळतं, कानाला न्हाई. "कान फसवतो," हे म्हणायचे, "सगळा आवाज समोरनंच आल्यागत वाटतो. तळहात फसत न्हाई."

मग आमची दुपार रोज तशी. लाईट आली की हे वाजवायचे, मी हात फिरवायचे. पैल्यांदा वरचं कडं काढलं, उचलायचं, ते खडखडत व्हतं. घुमारा तसाच. जाळी काढली. तसाच. आतली वायर फळीला आपटत आसंल म्हणून तिला माझ्या जुन्या पातळाची चिंधी गुंडाळली. मग म्हणले, सांध्यातनं हवा सुटती का बघ. मी उदबत्ती लावून चारी कडेनं फिरवली, जिथं धूर वाकडा व्हईल तिथं खडूनं फुली. एका कोपऱ्यात धूर वाकडा झाला, तिथं पांढरा गम भरला. उदबत्ती फिरवताना घरात देवळागत झालं व्हतं, धूर उन्हात उभा ऱ्हायचा, हे डोळे मिटून तार सोडायचे, धूर मधीच शहारायचा, आन् मी काय शोधतीय तेच इसरून जायचे. घुमारा तसाच. वैशू दर वेळी हसायची.

आत्याबाई म्हणल्या, "आरती करताय का दुरुस्ती?"

मग एक दिवस हे म्हणले, भुईवर ठेवला म्हणून घुमत आसंल, भुई पोकळ आसंल. दोघांनी उचलून बॉक्स कांद्याच्या दोन गोण्यांवर ठेवला. वैशू खाली तिच्या जागेवर. ह्यांनी तार सोडली. घुमला, पण जरा कमी, ताटं नाचली न्हाईत. मी वैशूकडं बघितलं. ती स्वतःच्या मुठीकडं बघत व्हती.

परत सोडली. मूठच बघत व्हती.

मला कापसाची दुपार आठवली. गाल सारवणाला लावलेला. तवा मला कळलं की तिला काय येत व्हतं आन् कुठनं येत व्हतं. बॉक्सचं दुखणं भुईत जात व्हतं आन् भुईतनं तिच्या पाठीत, आन् तेवढंच तिला मिळत व्हतं साऱ्या जगातलं.

मी म्हणलं, "गोण्यांवरनं पडंल बॉक्स. खाली घ्या."

"पडतोय कशानं?"

"पडंल म्हणते ना. पोरगी हाय खाली."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, बॉक्स खाली घेतला. तार सोडली. वैशू हसली.

त्याच दिवशी माझा हात मागच्या फळीवर गेला. मी तोवर मागं हात लावलाच नव्हता, मागची बाजू भिंतीकडं असायची. बोटं टेकवली मातर, आन् कळलं. तापलेल्या वासराच्या बरगड्या उडत्यात ना, तशी ती फळी उडत व्हती. मधोमध तर इतकी, की माझ्या बांगड्या आपोआप वाजल्या. सगळा घुमारा तिथं व्हता. कडं, जाळी, वायर, धूर, सगळं फुकाट.

"मागं काय कळतंय का?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणलं. "मागं काय न्हाई."

नवऱ्याशी मी तवर कदी खोटं बोलले नव्हते. मला खोटं जमतबी न्हाई, कान लाल व्हतात. पण घुमारा सापडला असता तर तो बंद झाला असता, आन् तो बंद झाला असता तर वैशू परत कशालाच हसली नसती, आन् मग जे व्हतं ते खरं झालं असतं. म्हणून मी हात काढून घेतला. मागं काय न्हाई. रोज इचारायचे, रोज म्हणायचे, मागं काय न्हाई. असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. कॅनॉलला पाणी सुटलं, बंद झालं, कांदा निम्मा काटून झाला, नारायणगडाचा डोंगर दुपारी उन्हात हलायचा, पाण्यात बघितल्यागत, आन् आमच्या घरात एकच सूर घुमत असायचा आन् एक पोर हसत असायची. आता आठवलं की वाटतं त्या दिवसांना वजनच नव्हतं. इतकं भ्या आन् इतकं सुख मला परत एका जागी सापडलं न्हाई.

हनीफभाई दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तवा गावची जत्रा आठ दिवसांवर व्हती, आन् त्यांना तिथंच वाजवायचं व्हतं.

"राव, मोटार नुसती ऐकून तू सांगतो कुठला वेढा जळाला," ते ह्यांना म्हणले. "आन् एक घुमारा तुला महिनाभर सापडंना?"

"बघतोय ना, भाई."

"बघतोय म्हणजे काय. नसंल जमत तर तसं बोल, मी आळेफाट्यावरनं कुणाचा तरी तयार आणतो. वाईट नको वाटून घेऊ. दोस्ती वेगळी, जत्रा वेगळी."

ते गेल्यावर हे पडवीत बसून ऱ्हायले. माझ्या नवऱ्याला कुणी असं बोललेलं मला बघवलं न्हाई. गावात ह्यांच्या हाताचं नाव हाय. जत्रेत दुसऱ्याचा बॉक्स लागला असता आन् सगळ्यांनी इचारलं असतं, काय वो, तुमच्याच गावात? ते माझ्यामुळं. माझ्या हातानं. मी चहा घेऊन गेले, कप त्यांच्यापुढं ठेवला.

म्हणलं, "अवो. मागची फळी हाय ती. मधोमध. मला म्हाईत व्हतं."

हे कपाकडं बघत व्हते.

"म्हाईत हाय," म्हणले.

"काय म्हाईत हाय?"

"मागची फळी. पातळ हाय, तिला आतनं पट्टी न्हाई. मीच बसवली, मला कळणार न्हाई व्हय."

"कदीपास्नं?"

"पैल्या दिसापास्नं. बोटानं टकटक केलं तवाच कळलं."

मी म्हणलं, मग ते कडं? जाळी? मग मला उदबत्ती कशाला फिरवायला लावली एवढी?

हे वैशूकडं मान करून म्हणले, "ती हसायची ना."

त्यांनी रेडूवर बघितलं व्हतं. मी ताटावर, त्यांनी रेडूवर. मी पाण्याला गेले की हे रेडू तिच्या उशापाशी नेऊन मोठा करायचे, आन् माझी चाहूल लागली की बंद. एकाच घरात दोघं चोर, आन् चोरी एकच. मी तितंच उंबऱ्यावर बसले. रडू आलं, आन् रडता रडता हसूबी, कारण त्या उदबत्त्यांचा एक आख्खा पुडा संपला व्हता, आत्याबाईंचा, देवाचा.

दुसऱ्या दिवशी लाईटची वाट न बघता आमी मागची फळी काढली. ह्यांनी सागाची एक पट्टी घेतली, जुन्या दाराच्या चौकटीची, आन् ती फळीला आतनं तिरपी लावली. बरोबर मधनं लावायची न्हाई म्हणतात, जरा कडेला सरकवून, म्हणजे दोन्हीकडचा भाग वेगवेगळा पडतो आन् एका सुरात डोलत न्हाई. मी फळी दाबून धरली, गम सुटून माझ्या तळहाताला लागला, आन् हात काढला तर पट्टीशेजारी पाच बोटांचा पांढरा ठसा. "पुसू का?" "ऱ्हाऊ दे. आत कोण बघतंय." मग माझ्या बाळंतपणातल्या गादीचा कापूस पिंजून आतनं चिकटवला, आन् फळी बसवली, आठ स्क्रूच्या जागी सोळा.

हनीफभाई आले. तिसऱ्या घरात बोट दाबलं. तार सोडली.

आवाज आला आन् गेला. जेवढी तार तेवढाच आवाज. ताट हललं न्हाई, काच बोलली न्हाई. बॉक्स भुईवरच व्हता. हनीफभाईनी परत वाजवलं, मग सगळ्या तारा, मग पुन्हा ती जाड तार, आन् त्यांचं तोंड खुललं. "वाह रे कारागीर," म्हणले. "आता कसा सुटलाय." आन् मग आमच्याकडं बघून थांबले. आमी दोघं त्यांच्याकडं बघतच नव्हतो. आमी गोधडीकडं बघत व्हतो. वैशू पायाचा अंगठा तोंडात घालायच्या नादात व्हती.

"वैनी, रडताय कशाला? झालाय की चांगला."

ह्यांनी त्यांना सांगितलं. पैल्यांदाच कुणाला तरी तोंडानं सांगितलं गेलं, आन् मी वाट बघत बसले की आता काय कोसळतंय. काय कोसळलं न्हाई. बाहेर कोंबड्या ओरडत व्हत्या. आत्याबाई दारात उभ्या व्हत्या, त्यांनी ऐकलं, आत गेल्या, आन् येताना वैशूची झबली-कुंची पिशवीत भरूनच आल्या. "सकाळच्या पैल्या गाडीनं जा पुण्याला," म्हणल्या. "जत्रा काय दर साल येती."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चार खेटे झाले. डॉक्टरीण बाईनी सांगितलं, बारीक आवाज तिला येत न्हाईत, जाड आवाज थोडा थोडा येतो, मशीन लावू, बोलायला शिकवू. म्हणल्या, लवकर आलात, लोक दोन-दोन वर्षं कळूनबी येत न्हाईत. मी खाली मान घातली. त्यांना काय म्हाईत माझे ते पंधरा-वीस दिवस. म्हणजे घुमारा तिला थोडा ऐकूबी येत व्हता म्हणायचा, पाठीनं आन् कानानं मिळून. किती पाठीनं आन् किती कानानं, ते मी आजूनबी ठरवते आन् सोडून देते.

आता वैशू दुसरीत हाय. कानामागं मशीन असतं, तिचे शब्द जरा गोल गोल येतात, नदीतल्या गोट्यांवानी, पण लई बोलती. आन् पिंकी झाल्यापास्नं माझं ते भ्या परत आलं, जसंच्या तसं, जागा धरून ठेवल्यागत. बारशाला मी मुद्दाम चुलीपाशी जाऊन बसले, कुर्रर्र झालं तवा कढईत कालथा जोरात खरडला. डॉक्टरीण बाईनी सांगितलंय हिलाबी आणा म्हणून. मी म्हणते जाऊ, चैत सरू दे. ताटावर पळी वाजवली न्हाई. एकदाबी न्हाई. हेबी काय बोलत न्हाईत, पण रेडू त्यांनी वर फळीवर ठेवलाय, माझा हात पोचत न्हाई तिथं.

आज दुपारी लाईट आली. स्पीकरचा कागद बदलून झाला व्हता. सकाळी मागची फळी उघडली तवा मी वैशूला हाक मारून दाखवलं, आत कापूस पिवळा पडलाय, पट्टी तशीच हाय तिरपी, आन् शेजारी माझा हात. वैशूनं त्या ठशावर आपला हात ठेवला. तिचा लहान पडला. "तुझा हात आत कसा ग्येला?" म्हणली. मी तिला सगळं सांगितलं, घुमाऱ्याचं, पट्टी लावल्यावर बॉक्स गप झाला त्याचं. ती म्हणली, "म्हंजे मला आवडायचा तोच गप क्येला." मग डोकं धुवायचं म्हणून मशीन काढून कपाटावर ठेवलं, आन् न्हाऊन केस पाठीवर सोडून उन्हात बसली.

पिंकी आत गोधडीवर झोपली व्हती. बाहेर हे बॉक्स बंद करून स्क्रू पिळत व्हते, आन् मला वाटत व्हतं की आता हे तार सोडतील आन् मला बघावं लागंल. म्हणून मी पिंकीकडं पाठ करून कांदे निवडत बसले. एक एक कांदा दोनदा निवडला.

तेवढ्यात सैपाकघरात आत्याबाईंच्या हातनं परात पडली.

पितळेची परात, फरशीवर. ती पडली, उठली, गोल फिरत फिरत बसली. माझ्यामागं पिंकी किंचाळली. मी कांदे टाकून उठले, तिला उचललं, छातीशी धरलं, आन् आत्याबाईंवर ओरडले, आयुष्यात पैल्यांदा ओरडले असंन, "अवो जरा हळू की, एवढी झोपली व्हती पोर."

आत्याबाई दारात आल्या. त्यांच्या हातात परात. माझ्याकडं बघत व्हत्या, माझं कधी ध्यानात येतंय त्याची वाट बघत. मग हळू म्हणल्या, "दचकली गं."

मी भिंतीला टेकून खाली बसले. पिंकी अजून रडत व्हती, लालबुंद, मुठी आवळून, आन् मी तिला गप करायचंच इसरले. बाहेर स्क्रू पिळायचा आवाज थांबला व्हता.

वैशू आत आली, ओल्या केसांनी. तिला परात ऐकू आली नव्हती. तिनं पिंकीचं उघडं तोंड बघितलं, माझे डोळे बघितले, आजीच्या हातातली परात बघितली, आन् मी रडतीय का हसतीय ते तिला काय कळंना. ती माझ्याशेजारी बसली. पिंकीच्या छातीवर तिनं तळहात ठेवला, बोटं पसरून, मी त्या फळीवर ठेवायचे तसा, आन् जरा वेळ डोळे मिटून बसली.

"आई," म्हणली, "ही लई घुमतीय."

मी मान हलवली.

"हिला पट्टी नका लावू."